रुमालाखालचा भाव, फळ्यावरचा भाव

घोड्याचं वय मालकाला विचारायचं नसतं, घोड्याच्या तोंडात वाचायचं असतं. अकलूजच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक ओळखायची ही पहिली खूण. नवखा माणूस आधी किंमत विचारतो. जाणता माणूस एका हाताने लगाम धरतो, घोड्याच्या मानेवरून हात फिरवत दोन शब्द बोलतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हळूच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवतो. तिथे दात नसतात. पुढचे कापायचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये हिरडीची एक मोकळी पट्टी असते. अंगठा तिथे दाबला की घोडा आपसूक तोंड उघडतो. लगामाचं लोखंडही याच पट्टीवर बसतं. निसर्गाने घोड्याच्या जबड्यात ही चार बोटांची फट ठेवली नसती, तर माणूस घोड्यावर बसून कुठवर पोचला असता याची मला शंका आहे.

तोंड उघडलं की पुस्तक उघडलं. अडीच वर्षांचा झाला की मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कोपऱ्यातले. पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे खालच्या दातांवरच्या काळसर खळग्या झिजू लागतात. सहाव्या वर्षी मधल्या दातांची जाते, सातव्याला शेजारची, आठव्याला कोपऱ्यातली. दहाव्याच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत एक बारीक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षी टोकाला पोचते. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खोट्या खळग्या कोरून त्याला तरणा म्हणून विकायची लबाडी जगभरच्या बाजारांत शतकांपासून चालत आली आहे. म्हणून जाणता माणूस खळगीबरोबर दाताचा आकार बघतो आणि दोन ओळी एकमेकींवर कोणत्या कोनात टेकतात तेही बघतो. वय वाढेल तसे दात पुढे झुकतात, आणि तो झुकाव कोरून बदलता येत नाही.

अकलूजची कृषी उत्पन्न बाजार समिती दिवाळीच्या सुमारास हा बाजार भरवते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून ट्रकच्या ट्रक नीरेकाठी उतरतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान कमानीसारखे आत वळलेले असतात, आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तर भाव चढतो. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा असतो, दोन रंगांचा अबलख असतो, तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा कुमैत असतो. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणासमोर माणसं जरा जास्त वेळ थांबतात. अंगावरचा प्रत्येक भोवरा तपासला जातो. गळ्याखालचा देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा अशुभ. यात विज्ञान किती हा वेगळा प्रश्न, पण त्या भोवऱ्याने व्यवहार जुळतो किंवा मोडतो हे खरं. उंची इंचांत मोजतात. हलगी वाजली की काही घोडे पुढचे पाय उचलून नाचू लागतात, आणि भोवतीचं कडं बघता बघता दाट होतं.

मग भाव ठरतो. जनावरांच्या बाजारातली जुनी रीत मला अजूनही थक्क करते. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात आणि वर रुमाल किंवा उपरण्याचं टोक पडतं. रुमालाखाली बोटं बोलतात. किती बोटं धरली, किती वेळा दाबली, यावरून आकडा कळतो. शेकड्यात बोलायचं, हजारात की लाखात, हे जनावर बघून दोघांना आधीच ठाऊक असतं. तोंडं मख्ख. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि त्यातल्या एकालाही भाव कळत नाही. पटलं तर हात हलतो, नाही पटलं तर सुटतो. सुटला तरी कुणाची शोभा होत नाही, कारण बोली कुणी ऐकलेलीच नसते.

इथून साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर पुण्याचं रेसकोर्स आहे, त्याच्यापुढे मुंबईचं महालक्ष्मी. तिथेही घोड्याच्या पोटात काय दडलंय याचाच अंदाज बांधायचा असतो आणि त्या अंदाजाला पैशाचा आकडा द्यायचा असतो. फरक एवढाच की तिथे रुमाल नाही. हजारो माणसांचा अंदाज एका फळ्यावर सगळ्यांसमोर झळकतो आणि मिनिटामिनिटाला हलतो. या दोन भावांमधलं अंतर मला समजून घ्यायचं होतं. घेता घेता घोड्याविषयी अशा गोष्टी कळल्या की भावाचा प्रश्न मधे काही काळ मागेच पडला.

आधी घोडाच बघू. तो बोटावर चालतो. प्रत्येक पायात एकच बोट, आपल्या मधल्या बोटाच्या जागचं, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर चौखूर उधळतं तेव्हा एका क्षणी सगळा भार एका नखावर येतो, तोही उभ्या वजनाच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या क्षणी चारही पाय हवेत. हे चार पाय हवेत असतात का, यावर पूर्वी वाद होते, कारण डोळ्याला ते टिपता येत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीलगत कॅमेऱ्यांची रांग लावली आणि धावत्या घोडीची चित्रं एकामागून एक घेतली तेव्हा कोडं सुटलं. पाय हवेत असतात, पण चित्रकार दाखवत तसे पुढे-मागे ताणलेले नसतात. पोटाखाली गोळा झालेले असतात.

याहून नवलाची गोष्ट श्वासाची. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने घेता येतो. आणि भरधाव पळताना त्याचा श्वास त्याच्या पावलाशी जोडला जातो: एक झेप, एक श्वास. पुढचे पाय टेकताना हवा बाहेर, पाय हवेत असताना हवा आत. मिनिटाला सव्वाशे-दीडशे झेपा, तेवढेच श्वास. धाप लागली म्हणून मधे एखादा श्वास जास्त घेऊ म्हटलं तर जमायचं नाही. विसाव्यात मिनिटाला तीस-पस्तीस ठोके देणारं हृदय शर्यतीत सव्वादोनशेच्या घरात जातं. त्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं राखीव कोठार आहे. पळायला लागला की ती आकसते आणि ते कोठार रक्तात रितं करते. उभ्या घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, दौडीत ते साठच्या पुढे जातं. रक्त घट्ट होतं आणि प्राणवायू दीडपट वाहतं. आपले धावपटू हेच साधायला बंदी असलेली औषधं घेताना पकडले जातात. घोड्याकडे ती सोय जन्मजात आहे.

रेसकोर्सवरचा घोडा मात्र अकलूजच्या दावणीला सहसा दिसणारा नव्हे. त्याचं कूळ वेगळं. त्याला थरोब्रेड म्हणतात. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्वेकडून आणलेले काही मोजके वळू तिथल्या घोड्यांना लावले गेले, आणि १७९१ पासून त्यांची वंशावळ छापून ठेवली गेली. त्या नोंदवहीबाहेरचा घोडा कितीही पळो, थरोब्रेड ठरत नाही. आजच्या जगभरच्या थरोब्रेड नरांपैकी सुमारे ९५ टक्क्यांची बापाकडची साखळी एकाच घोड्यापाशी जाते. तो अरबी घोडा १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला नेला होता. महालक्ष्मीवर पळणारा, मेलबर्नला पळणारा, टोकियोला पळणारा, बहुतेक सगळे त्या एकाचे वंशज. कृत्रिम रेतन या कुळाला आजही मंजूर नाही. वळू आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणल्याशिवाय शिंगराची नोंद होत नाही.

आमच्या मुलुखालाही त्याचं असं घोड्याचं कूळ होतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं. अंगाने लहान, खुराने कणखर, मिळेल त्या चाऱ्यावर दिवसच्या दिवस चालणारी. स्थानिक तट्टं आणि बंदरांत उतरलेले अरबी घोडे यांच्या संकरातून ती घडली आणि मराठ्यांच्या फौजा त्यांच्या पाठीवर अटकेपर्यंत गेल्या. आज ती उरली आहेत ती मुख्यतः मेंढपाळ धनगरांकडे. चाऱ्याच्या शोधात बिऱ्हाड फिरतं तेव्हा खाट, भांडी, कोंबड्या, कधी लहान पोर आणि नवं जन्मलेलं कोकरू सगळं या तट्टाच्या पाठीवर असतं. अलीकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. रस्त्याच्या कडेने मेंढरांमागे चाललेलं ते बुटकं तट्टू यापुढे दिसलं तर जरा थांबून बघा.

आता शर्यत. मुंबईत ती अठराशेच्या सुमारास भायखळ्याला सुरू झाली आणि १८८३ साली महालक्ष्मीच्या पाणथळ जागेवर भराव घालून उभारलेल्या मैदानात आली. ती चालवणारा क्लब १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला, दहा वर्षांनी नावामागे 'रॉयल' लागलं. १९४३ पासून तिथे इंडियन डर्बी होते. चोवीसशे मीटर, अडीच मिनिटांचा खेळ. पहिली जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या घोडीने. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून ही डर्बी आठ वेळा मारली आहे.

शर्यतीमागच्या ज्या माणसाने माझी झोप उडवली तो मात्र जॉकी नाही, मालक नाही, ट्रेनरही नाही. तो हँडीकॅपर. कोणत्या घोड्याच्या पाठीवर किती वजन द्यायचं हे तो ठरवतो. जिंकत आलेल्या घोड्याला जास्त भार, हरत आलेल्याला कमी. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं करतात, आणि शर्यतीआधी व नंतर जॉकी खोगिरासकट काट्यावर चढतो. या माणसाचं स्वप्न काय असेल? सगळे घोडे खांबापाशी एका रांगेत, एकाच क्षणी पोचावेत. ते कधीच घडत नाही, पण तो दर आठवड्याला त्याच्या जवळ जायची धडपड करतो. गोटातली सगळी माणसं आपला घोडा पुढे काढायला राबत असतात आणि हा एकटा सगळ्यांना बरोबरीत आणायला बसलेला. त्याचं काम चोख झालं तरच अंदाज बांधण्यात काही अर्थ उरतो.

निकालाचा फोटोही असाच चकवणारा. फोटो-फिनिशच्या कॅमेऱ्याला मैदान दिसतच नाही. त्याला दिसते फक्त खांबाच्या रेषेतली केसाएवढी उभी फट. त्या फटीसमोरून जे सरकत जातं त्याच्या बारीक पट्ट्या तो एकापुढे एक लावत जातो. मग जे चित्र तयार होतं त्यात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असतो. चित्रातल्या घोड्याचं नाक आणि शेपूट एकाच क्षणाचे नाहीत, एकाच जागेचे आहेत. म्हणून त्या चित्रात पाय कधी कधी विचित्र वाकडे दिसतात आणि तरी निकाल अचूक असतो.

आणि आता फळा. रेसकोर्सवर पैसे लावायचे दोन रस्ते. एक बुकी. तो स्वतः भाव देतो, आणि दिलेला भाव त्याच्या अंगावर असतो. दुसरा टोट, म्हणजे टोटलायझेटर. यात भाव कुणीच देत नाही. समजा एका शर्यतीत 'विन'वर सगळ्यांचे मिळून एक लाख रुपये जमले. क्लबने आपला वाटा कापून घेतला आणि नव्वद हजार उरले. जिंकणाऱ्या घोड्यावर एकंदर तीस हजार लागले होते, तर प्रत्येक रुपयाला तीन रुपये. त्याच्यावर तीनच हजार लागले असते तर रुपयाला तीस. बस, एवढंच. ही युक्ती १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर याने काढली. अडचण होती ती बेरजेची. शर्यत सुटायच्या आत शेकडो खिडक्यांवरचे पैसे मोजायचे कसे?

ते कोडं सोडवणाऱ्या यंत्राची गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज ज्युलियस नावाच्या इंजिनिअरने खरं तर मतं मोजायचं यंत्र बनवलं होतं. सरकारला ते नको होतं. मग त्याने तीच कल्पना फिरवली आणि १९१३ साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर पहिलं यांत्रिक टोट उभं राहिलं. पियानोच्या तारा, कप्प्या, ओतीव लोखंडाच्या पेट्या, आणि एका घरात मावेल एवढा पसारा. खिडकीवर तिकीट फाटलं की आत कुठेतरी चाक एक दाता पुढे सरके आणि बाहेर फळ्यावरचा आकडा बदले. निवडणुकीसाठी जन्मलेलं यंत्र, आणि केलं तेही एका अर्थी तेच: प्रत्येक तिकीट म्हणजे एका घोड्याला पडलेलं एक मत.

हा कौल किती बरोबर निघतो? थक्क व्हावं इतका. जमावाने ज्याला सगळ्यात पुढे धरलं तो घोडा साधारण तीनातून एकदा जिंकतो, आणि हे प्रमाण देशोदेशी फारसं हलत नाही. ज्या घोड्यांना जमाव दहातली एक संधी देतो, ते मोजून पाहिलं तर दहातून एकदाच्या आसपासच जिंकतात. एका ठिकाणी मात्र जमाव नेहमी चुकतो. शंभराला एक अशा भावाच्या, अगदी मागे पडणाऱ्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. १९४९ साली एका मानसशास्त्रज्ञाने हे आकड्यांनिशी मांडलं आणि नंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा तेच दिसलं. थोड्या पैशात मोठं घबाड मिळेल ही आशा माणूस महाग भावाने विकत घेतो. लॉटरीच्या दुकानापुढची रांगही हीच आशा विकत घ्यायला उभी असते.

रुमालाखालचा भाव दोघांत राहतो आणि दोघांत संपतो. फळ्यावरचा भाव मात्र प्रत्येक शर्यतीत सगळ्यांच्या खिशातून थोडं कापून घेतो, आणि त्या कापलेल्या पैशावर सगळा डोलारा उभा आहे. बक्षिसाची रक्कम त्यातून, मैदानाची निगा त्यातून. बक्षिसाच्या आशेवर मालक घोडा घेतो, त्याच्या जिवावर ट्रेनर, जॉकी, रोज पहाटे खरारा करणारा मोतद्दार, नालबंद, डॉक्टर आणि पुण्याभोवतालचे स्टड फार्म. हा डोलारा आज का डगमगतो आहे हे समजायला एक लहानसं गणित पुरतं, आणि ते प्रत्येकाने एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

क्लब शंभरातले दहा ठेवतो असं गणितापुरतं धरू. तुम्ही एक रुपया घेऊन गेलात आणि जे परत येईल ते पुढच्या शर्यतीत लावत गेलात, दहा शर्यती. तुमचं नशीब सरासरीचं. दहाव्या शर्यतीअखेर हातात पस्तीस पैसे. आता कर मिळवू. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा रेसच्या वाट्याला २८ टक्के आले, आणि तेही क्लबच्या वाट्यावर नाही तर लावलेल्या संपूर्ण रकमेवर. म्हणजे शंभर लावायचे तर खिशातून एकशे अठ्ठावीस. परत येणारे तेच सरासरी नव्वद. दहा शर्यतींनंतर रुपयाचे उरतात तीन पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. आता रुपयाचा राहतो एक पैसा, जेमतेम सव्वा. दर अठ्ठावीसचा चाळीस झाला, एवढं ऐकून कुणाला फार काही वाटत नाही. पण प्रत्येक फेरीला कापलं जाणारं काहीही असंच वागतं, कापड कापत जावं तसं.

ज्याला खेळायचंच आहे तो मग कर न भरणाऱ्या चोरट्या बुकीकडे, फोनवर जातो. तिथला एक पैसाही मैदानाकडे, घोड्याकडे, मोतद्दाराकडे येत नाही. क्लबांचं म्हणणं असं की कर आमच्या वाट्यावर लावा. सरकारचं म्हणणं असं की जुगाराला सवलत कशाला. मी या वादात एका ठाम जागी उभा आहे: रेसवर पैसे लावून संसार चालत नाहीत, बुडतात, आणि घरातली बाई तो खड्डा वर्षानुवर्षं भरत राहते हे मी शेजारी पाहिलं आहे. पण कराने तो माणूस घरी परतत नाही. तो फक्त उजेडातल्या खिडकीवरून अंधारातल्या फोनकडे जातो. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कसबाचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असा निकाल दिला. हँडीकॅपर आणि फळ्याची गोष्ट कळल्यावर तो निकाल मला पटतो. पण कसब घोड्याचं, जॉकीचं आणि अभ्यास करणाऱ्या थोड्यांचं असतं. बाकीचे ती किंमत भरतात.

जमीनही निसटते आहे. महालक्ष्मीच्या दोनशे अकरा एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. बरीच वर्षं घोळ चालला आणि २०२४ मध्ये तडजोड झाली. सुमारे १२० एकर मुंबईच्या सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे. चेन्नईत गिंडीचं जुनं रेसकोर्स तर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने ताब्यातच घेतलं. दाटीच्या शहरात एवढी हिरवळ कुणासाठी, या प्रश्नाला क्लबकडे सोपं उत्तर नाही. मुंबईकरांना बाग मिळाली तर मला आनंदच आहे.

पंचांग उघडलं तर एक गंमत दिसते. पुण्याची रेस पावसाळ्यात, जुलैच्या आसपास सुरू होते, आणि त्याच आषाढात अकलूजला एक दौड होते जिच्यावर कुणी पैसा लावत नाही. तुकोबारायांची पालखी सराटीला येते, पादुकांना नीरेत स्नान होतं आणि नदी ओलांडून सोहळा अकलूजमध्ये शिरतो. सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण लागतं. आधी पताकावाले धावतात, मग डोईवर तुळशी घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजवाले. मग अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच दिसत नाही, कारण तिथे देव बसलेला असतो. हजारो माणसं श्वास रोखून बघतात. इथे खांब नाही, वजनाचा काटा नाही, वेळ लावणारं घड्याळ नाही. गोलात धावणाऱ्याला पोचायचं कुठे नसतंच. घोडा गेला की कडं फुटतं, माणसं वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. आत्ताच ज्या मातीत खूर रुतला ती अजून भुसभुशीत असते, चिमटीत सहज येते.

आणि मुंबईची रेस नोव्हेंबरात, जेव्हा अकलूजला बाजार भरतो. याच दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि माळशिरस तालुक्याच्या फडांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. रेसचा घोडा आणि ऊसतोड करणारी बाई यांची गाठ पडायचं काही कारण नाही. तरी ती पडते.

हडपसरला पूनावालांचा स्टड फार्म १९४६चा. रेसचे घोडे तयार करणारा. थरोब्रेड दोन वर्षांचा झाला की पळू लागतो आणि बहुतेकांचं पळणं काही वर्षांतच संपतं, पुढे आयुष्य उरतं वीस वर्षांचं. निवृत्त घोडे या फार्मवरून मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांच्या रक्तापासून धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधं बनत. हे आपणच का करू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज जगातल्या सगळ्यात मोठ्या लस-उत्पादकांत गणली जाणारी ही संस्था रेसच्या निवृत्त घोड्यांपासून सुरू झाली.

सर्पदंशावरचं औषध आजही घोड्याच्याच रक्तातून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला अगदी सूक्ष्म मात्रेत टोचतात, मग हळूहळू मात्रा वाढवतात. घोड्याचं शरीर विषाला भिडणारी प्रतिद्रव्यं तयार करतं. रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. पळताना दीडपट प्राणवायू वाहणारं तेच भरघोस रक्त. एका मोठ्या जनावराकडून एवढं मिळतं म्हणून घोडा.

फडात ऊस कापताना पाचटाखाली घोणस असते. ती पाचटाच्याच रंगाची. कोयता चालत असतो, पहाटेचा अंधार असतो, पायात चप्पल असली तर असते. चावल्यावर वेळ न दवडता दवाखान्यात पोचलं तर डॉक्टर फ्रिजमधून औषधाच्या कुप्या काढतात. एक पुरत नाही, आठ-दहा लागतात. परक्या जनावराचं द्रव्य शरीराला सोसलं नाही तर म्हणून शेजारी दुसरं इंजेक्शन तयार ठेवतात आणि बाटलीतून थेंब सुरू करतात. कुपीवरच्या बारीक अक्षरांत सापांची चार नावं असतात आणि त्यांच्या शेजारी घोड्याचा उल्लेख. टोळीची मुकादमीण बाहेरच्या बाकावर बसून असते, आतली बाई डोळे उघडून छताकडे बघते, आणि तिच्या नसांतून घोड्याच्या रक्तातलं ते द्रव्य थेंबाथेंबाने फिरत असतं.